यंत्राला केर दिसतो का?

गेल्या दिवाळीत धाकट्या भावानं पुण्याहून आईसाठी एक खोकं पाठवलं. परभणीच्या आमच्या घरात आजवर आलेली सगळी यंत्रं एका जागी बसणारी होती: मिक्सर, फ्रिज, कूलर. हे पहिलंच चालतंफिरतं: आपलं आपण फरशी झाडणारा रोबोट. परातीएवढं गोल, उंचीला वीतभरही नाही, पोटाखाली दोन चाकं आणि एका कडेला गरगर फिरणारा तीन काड्यांचा ब्रश. आई पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि अर्धा तास त्याच्याकडं बघत राहिली. ते स्वच्छ जागेवरून दोनदा गेलं, भिंतीला घासून आलं, आणि तुरीच्या डाळीचा एक दाणा दोन बोटांवरून सोडून पुढं निघून गेलं.

"ह्येला केर दिसतो का रे?" आईनं विचारलं.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यामुळं घरातले असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. सवयीनं "हो" म्हणून मोकळा झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवलं की खरं उत्तर "नाही" असं आहे, आणि ते यंत्र समजून घ्यायचं तर या "नाही"पासूनच सुरुवात करावी लागते.

माणूस केर बघून झाडतो. आईच्या हातात फडा आला की तिचे डोळे आधी कोपऱ्यात जातात, मग कोठीच्या मागं, मग ओट्याखाली. मधली जागा ती एका हातासरशी उरकते, कारण तिथं काही नाही हे तिला दिसतं. यंत्राचं उलटं. ते केर बघत नाही, जागा बघतं. फरशीची तसू न् तसू आपल्या पोटाखालून गेली की केर कुठंही असला तरी तोंडात येईलच, एवढाच त्याचा हिशेब. वखराची पाळी घालणारा गडी तरी तणाच्या एकेका काडीकडं कुठं बघतो? तो धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत नीट तास धरतो, वळतो, शेजारचा तास थोडा आधीच्यावर चढवून घेतो. आजची बरीच यंत्रं असंच करतात. आधी खोलीच्या कडेकडेनं एक फेरा, मग आतून सरळ रेघा. डाळीचा तो दाणा सुटला नव्हता, तो पुढच्या तासात होता. पंधरा मिनिटांनी गेलाही.

केराची चाहूल लागायची सोय काही यंत्रांत असते, पण ती डोळ्यांची नव्हे, कानाची. तोंडातून आत जाणाऱ्या वाटेत एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर खडा आपटला की तिच्यातून विजेचा बारीक ठोका निघतो. पत्र्याच्या घरात बसून पाऊस केवढा आहे हे आपण आवाजावरून सांगतो, तसं हे यंत्र ‘इथं फार ताडताड वाजतंय’ असं धरून तीच जागा पुन्हा घेतं. केर त्याला कळतो तो तोंडात गेल्यावर!

आता जागा बघायची, तर आपण कुठं आहोत हे आधी कळायला हवं. सगळं घोडं इथंच पेंड खातं.

सुरुवातीच्या यंत्रांनी हा प्रश्न सोडवलाच नव्हता. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं २००१ मध्ये ट्रायलोबाइट नावाचं यंत्र बाजारात आणलं. ते वटवाघळासारखं, कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखायचं. ते महाग पडलं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या आयरोबोटनं रूम्बा आणला, साधारण २०० डॉलरला. या कंपनीच्या संस्थापकांपैकी रॉडनी ब्रूक्स हे तेव्हा एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान विद्यापीठात प्राध्यापक. मुंगळ्याच्या डोक्यात घराचा नकाशा नसतो तरी तो घरभर हिंडतो, मग यंत्राला तरी नकाशा कशाला, असा त्यांचा १९८० च्या दशकापासूनचा विचार. दोनचार नियम पुरे: गोल गोल फीर, भिंत लागली तर तिच्या कडेनं जा, आपटलास तर तोंड फिरव आणि दुसरीकडं सरळ सूट. सगळा कारभार अंदाजपंचे. एकच जागा चार वेळा, दुसरी एकदाही नाही असं व्हायचं, पण तासभर हिंडल्यावर बहुतेक फरशी पायाखालून गेलेली असायची. स्वस्त होतं म्हणून खपलं. आजही अगदी स्वस्तातली काही यंत्रं याच वळणाची असतात, आणि एका खोलीपुरती ती वाईटही नाहीत.

नकाशा काढायचा तर पहिला उपाय सोपा वाटतो: चाकाचे फेरे मोजा. चाक ७ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर एका फेऱ्याला २२ सेंटिमीटर अंतर कापलं जातं. लाईट गेल्यावर आपण अंधारात पावलं मोजत काडेपेटीपर्यंत जातो, तेच हे. पण पावलं मोजत दहा पावलं जाता येतं, घरभर नाही. चाक सतरंजीवर घसरतं, बारीक वाळूवर जागच्या जागी फिरतं. दिशा नुसती एका अंशानं चुकली तरी ५ मीटर गेल्यावर यंत्र जवळजवळ ९ सेंटिमीटर बाजूला गेलेलं असतं, आणि पुढची चूक या चुकीवर चढते. तीन खोल्या झाल्या की यंत्राच्या हिशेबात ते स्वयंपाकघरात आणि प्रत्यक्षात न्हाणीच्या दारात.

म्हणून त्याला बाहेर बघावं लागतं. आईच्या यंत्राच्या डोक्यावर एक बुटकी डबी आहे. तिच्यात लेझरचा दिवा सतत फिरत असतो. या दिव्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तो भिंतीवर पडतो, परततो, आणि परतीवरून भिंत किती लांब ते कळतं. कसं कळतं याचे दोन मार्ग आहेत. एक, उजेडाला जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजायचं. ३ मीटरवरच्या भिंतीवरून तो सेकंदाच्या पाच कोटीव्या भागात परत येतो, म्हणजे घड्याळ तसंच लागतं. दुसरा मार्ग स्वस्त, आणि तो आपल्या डोळ्यांतच आहे. बोट नाकापाशी आणा, दोन्ही बुबुळं आत वळतात. बोट लांब न्या, ती सरळ होतात. बुबुळं किती वळली यावरून मेंदू अंतर ताडतो. यंत्रात एका बाजूला दिवा आणि शेजारी थोड्या अंतरावर डोळा असतो. परतणारा ठिपका डोळ्याच्या पडद्यावर कुठं पडला, यावरून साध्या त्रिकोणमितीनं अंतर निघतं. नीटो नावाच्या अमेरिकी कंपनीनं २०१० मध्ये हा फिरता लेझर घरगुती झाडयंत्रात आणला. सेकंदाला पाच फेरे, दर फेऱ्यात ३६० मापं. सेकंदाला १,८०० वेळा भिंत चाचपायची.

(ज्यांनी ही वाट पाडली त्यांचं पुढं काही बरं झालं नाही. नीटो २०२३ मध्ये बंद झाली. आयरोबोटला ॲमेझॉन विकत घेणार होतं, तो व्यवहार २०२४ च्या जानेवारीत फिसकटला आणि २०२५ च्या डिसेंबरात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. बाजार आता चिनी कंपन्यांच्या हातात आहे.)

मापं मिळाली तरी गाठ सुटत नाही. नकाशा काढायचा तर मी कुठं उभा आहे ते माहीत हवं, आणि मी कुठं उभा आहे हे कळायला नकाशा हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. रोबोटवाल्यांनी या कोड्याला १९९० च्या दशकात ‘स्लॅम’ असं नाव दिलं. नकाशा आणि ठिकाण दोन्ही एकाच वेळी ठरवायचं, असा त्याचा अर्थ.

हे कसं सुटतं ते मी वर्गात एसटीच्या उदाहरणानं सांगतो. जालन्याहून रात्रीच्या गाडीनं परभणीला निघालात आणि वाटेत डोळा लागला. जाग आली, बाहेर काळोख. कुठं आलो? झोपून तासभर झाला असेल, म्हणजे मंठा गेलं असावं. किंवा नसेलही. मनात तीनचार शक्यता धरून ठेवता. एक पेट्रोल पंप जातो: दोन शक्यतांशी जुळतो, दोन बाद. मग पूल लागतो. मग दिवे दिसतात आणि स्टँडची पाटी समोर येते: जिंतूर. त्या क्षणी फक्त आत्ताचं ठिकाण पक्कं होतं असं नाही, मागचंही सुधारतं. ‘म्हणजे मघाचा तो पूल अमुक होता तर.’ यंत्र हेच करतं, फक्त चार शक्यतांऐवजी शेकडो धरतं. दर मापाला न जुळणाऱ्या शक्यता टाकून देतं, जुळणाऱ्या ठेवतं. घराला वळसा घालून ओळखीच्या कोपऱ्यात परत आलं की पाटी वाचल्यासारखं होतं आणि अख्खा नकाशा जरासा सरकून नीट बसतो. पहिल्या दिवशी फोनवर आमच्या घराच्या भिंती वाकड्या दिसत होत्या. तिसऱ्या खोलीतून यंत्र परत आलं तशा त्या बघता बघता सरळ झाल्या. हे बघताना मला शिक्षक असूनही मजा वाटली.

पण हा लेझर एकाच पातळीवर फिरतो, जमिनीपासून साधारण दहा सेंटिमीटरवर. त्याच्या दृष्टीनं पलंग म्हणजे चार ठिपके, आणि त्या पातळीच्या खाली जे आहे ते नाहीच. मोबाइलची वायर नाही, पायपुसणं नाही, नातवाचा चेंडू नाही. आरशात त्याला दुसरी खोली दिसते. काचेचं दार त्याला उघडंच वाटतं, धडकेपर्यंत.

पहिल्या आठवड्यातली दोन प्रकरणं इथली. आई दुपारी देवाच्या वाती वळते. कापूस सुपात, वळलेल्या वाती शेजारी कागदावर. ती पाणी प्यायला उठली आणि तेवढ्यात यंत्रानं कागदासकट वाती ओढल्या. कागद तोंडात अडकला म्हणून ते थांबलं, नाहीतर कापूस ब्रशला गुंडाळून बसला असता. तो नंतर बसलाच म्हणा. कापसाचं घर असेल, वेचणीनंतर दोनचार दिवस तरी गाठोडी ओसरीत पडत असतील, तर या यंत्राचा ब्रश दर दोन दिवसांनी कात्रीनं मोकळा करावा लागतो. दुसरं प्रकरण रांगोळीचं. देवघरासमोर आईनं काढलेल्या आठ पाकळ्यांपैकी पाच त्यानं एका फेऱ्यात स्वच्छ केल्या.

"केर न्हाई ते, रांगोळी हाय!" आई त्याला ओरडली.

मी हसलो खरा, पण याहून अवघड प्रश्न त्या यंत्रापुढं नाही. रांगोळी आणि सांडलेलं पीठ यांत पदार्थ म्हणून फरक काय? दोन्ही पांढरी भुकटी, दोन्ही फरशीवर. आणि आज जी रांगोळी तीच उद्या सकाळी आई स्वतःच्या हातानं झाडून टाकते. काल रात्री पडलेलं बोराचं बी केर असतं, आणि परसात लावायला म्हणून खिडकीत वाळत ठेवलेलं तेच बी केर नसतं. एखादी वस्तू केर आहे की नाही हे त्या वस्तूत लिहिलेलं नसतं. ते घरात कोण राहतं, आज कोणता वार आहे, काल काय ठरलं, यावर असतं. फडा हातात घेतलेली बाई मिनिटाला असे दहा निवाडे करते आणि आपण त्याला ‘झाडझूड’ म्हणून सोडून देतो.

यंत्र बनवणाऱ्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे कॅमेरा. महागड्या यंत्रांच्या कपाळावर तो असतो आणि आत ओळखायला शिकवलेली प्रणाली. शिकवायची पद्धत अशी: हजारो घरांतली लाखो चित्रं गोळा करायची, माणसं बसवून प्रत्येक चित्रावर ‘ही चप्पल’, ‘ही वायर’, ‘हा मोजा’ अशा चौकटी आखून घ्यायच्या, आणि मग यंत्राकडून ते घोटून घ्यायचं. यामागचं एक कारण सांगायला जरा ओंगळ आहे. पाळीव कुत्र्यानं रात्री घाण केली आणि यंत्रानं ती घरभर सारवली, असले प्रसंग परदेशात पुष्कळ घडले. २०२१ मध्ये आयरोबोटनं एक यंत्र आणलं ते ‘ही घाण ओळखून बाजूनं जातं, नाही गेलं तर यंत्र बदलून देऊ’ असं सांगूनच.

चित्रं कुणाच्या तरी घरातूनच येतात. २०२२ च्या अखेरीस एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या मासिकानं उघड केलं की २०२० मध्ये चाचणीसाठी दिलेल्या रूम्बा यंत्रांनी टिपलेली काही चित्रं समाजमाध्यमांवरच्या बंद गटांत फिरली होती. त्यांत शौचालयात बसलेल्या एका बाईचंही चित्र होतं. चाचणीला घरच्यांनी संमती दिलेली होती. पण चौकटी आखायचं काम दूर व्हेनेझुएलातल्या माणसांना दिलेलं होतं, आणि चित्रं त्यांच्यापर्यंत जातील हे त्या घरच्यांच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांत एका चिनी कंपनीच्या यंत्रांचा ताबा परक्यांनी मिळवला आणि यंत्रातल्या स्पीकरमधून घरच्यांना शिव्या घातल्या. कॅमेरा, स्पीकर, चाकं आणि इंटरनेट एका डबीत असले की हे होऊ शकतं. घ्यायचंच तर माझं मत साधं आहे: लेझरचं घ्या, कॅमेऱ्याचं नको. अडखळलं तर अडखळू द्या.

आमच्या यंत्राला कॅमेरा नाही, तरी पाळत आलीच. यंत्र भावाच्या फोनला जोडलेलं आहे. एका दुपारी पुण्याहून फोन: "आई, दोन दिवस मशीन लावलंच नाहीस?" आई माझ्याकडं बघत राहिली. घर कधी झाडलं हे पुण्यात कळतं, ही गोष्ट तिला मुळीच रुचली नाही. आईच्या जागी सून असती आणि सासूनं असं विचारलं असतं तर काय झालं असतं, तेवढा विचार करून बघा.

आता ओढण्याच्या ताकदीबद्दल, कारण जाहिराती याच आकड्यावर चालतात: ५,००० पास्कल, १०,००० पास्कल, त्याहून जास्त. पास्कल हे दाबाचं माप. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण एक लाख पास्कल असतो. ५,००० पास्कलची ओढ म्हणजे यंत्र आतला दाब बाहेरच्यापेक्षा शेकडा पाचनं कमी करतं. उभ्या नळीतून ते पाणी अर्धा मीटर वर चढवू शकेल, एवढंच. पण हा आकडा तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. बंद तोंडातून हवा वाहत नाही, आणि केर उचलते ती वाहणारी हवा. म्हणून नुसत्या पास्कलवर भाव ठरवू नये. ब्रश कसा आहे, जाळी किती लवकर तुंबते, हे मराठवाड्यात जास्त महत्त्वाचं. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची धूळ. तिचे चिकणमातीचे कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतात. ते जाळीत बसतात आणि ओढ दिवसादिवसाला घटते. उन्हाळ्यात वावटळी सुटल्यावर आम्ही जाळी रोज झटकायचो. कंपनीनं सांगितलेल्या वेळापत्रकात ती आठवड्याला एकदा झटका असं होतं. ते वेळापत्रक लिहिणारा एप्रिलात परभणीला आलेला नसणार.

फरशी पुसणाऱ्या यंत्रांचंही या मातीशी वाकडं आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते, पावसाळ्यात चपलेला काय होतं ते आपण जाणतोच. धूळ नीट न ओढता ओलं फडकं फिरवलं की फरशीवर चिखलाचे पट्टे उमटतात. पाण्याचा हिशेब मात्र यंत्राच्या बाजूनं आहे, हे कबूल केलं पाहिजे. काम झाल्यावर यंत्र जिथं जाऊन बसतं आणि चार्ज होतं, त्या फडकं धुणाऱ्या बैठकीत तीनचार लिटरची टाकी असते आणि तेवढ्यात घर होतं. पोतेऱ्यानं पुसताना आम्ही एक बादली सहज घालवतो, पाणी गढूळ झालं की दुसरी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत फरशी पुसायला लोकांनी भांड्यांचं खळखळीचं पाणी वापरलं. ते पाणी या यंत्रात चालत नाही. बोअरचं चालतं, पण त्यातले क्षार बारीक नळ्यांत साचतात.

वीज अगदी थोडी लागते. १४.४ व्होल्टची ५,२०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरायला ७५ वॅट-तास, वाया जाणारी धरून शंभर. म्हणजे दहा वेळा भरली तर एक युनिट. पण लाईट गेली की गंमत होते. यंत्र परत यावं म्हणून बैठक एक अदृश्य प्रकाशखूण सोडत असते. लाईट गेली की ती खूण विझते. मग बिचारं गोठा न सापडलेल्या वासरासारखं बैठकीच्या अवतीभवती घुटमळतं आणि शेवटी कपाटापाशी मान टाकतं.

यंत्र एकूण काय करू शकत नाही याची यादी मोठी आहे, त्यातली पहिली गोष्ट उंबरा. सर्वसाधारण यंत्र दोनेक सेंटिमीटर चढतं. आमच्या ओसरीचा जुना सागवानी उंबरा त्याच्यासाठी बालाघाटचा डोंगर. गावाकडच्या माळवदाच्या घराचं तर नावच नको: सारवलेल्या जमिनीवर हा ब्रश केर काढणार नाही, जमीनच काढेल. पाय उचलून सहा सेंटिमीटर चढणारं एक यंत्र २०२५ मध्ये आलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीनं पाठीवर घडीचा हात असलेलं यंत्र आणलं, जे वाटेतला मोजा उचलून बाजूला ठेवतं. तो हात ३०० ग्रॅम उचलतो. पाण्यानं भरलेला तांब्या नाही.

हात एवढा दुबळा का, यावर हान्स मोराव्हेक या रोबोटतज्ज्ञानं १९८८ मध्येच बोट ठेवलं होतं. यंत्राला बुद्धिबळासारखी मोठ्यांची अक्कल शिकवणं सोपं, वर्षाच्या बाळाचं बघणं आणि चालणं शिकवणं महाकठीण. १९९७ मध्ये संगणकानं बुद्धिबळातल्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. कुकरची रिंग धुऊन, पुसून, नेमक्या खिळ्याला अडकवणारं यंत्र अजून आमच्या गल्लीत आलेलं नाही. बुद्धिबळात सोंगट्या बत्तीस आणि घरं चौसष्ट, नियम पक्के. मोरीत रोज नवा डाव. २०२५ च्या ऑक्टोबरात वनएक्स या कंपनीनं निओ नावाचा माणसाच्या आकाराचा घरगुती रोबोट २०,००० डॉलरला जाहीर केला. जे काम त्याला जमणार नाही ते कंपनीचा माणूस दूर कुठंतरी बसून, त्याच्या कॅमेऱ्यातून बघत, त्याच्या हातांनी करणार, असं कंपनीनंच सांगितलं. म्हणजे मोलकरीण गेली नाही, दाराबाहेर गेली!

‘रोबोट’ हा शब्दच मुळात यातून आला. १९२० मध्ये कारेल चापेक या चेक लेखकानं एका नाटकात तो वापरला, सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, जमीनदाराकडं फुकट राबावं लागणारं काम. निजामाच्या काळातली वेठबिगारी आजोबांकडून ऐकलेल्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी यंत्राकडं बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचा महिना कामावर ठरतो: भांड्यांचे वेगळे, धुण्याचे वेगळे, झाडू-फरशीचे वेगळे. त्यांतलं एक काम गेलं तर पैसे तेवढ्यानं तुटतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईनं पैसे कमी केले नाहीत. पण सगळ्याच घरांत तसं होणार नाही. १५-२० हजारांचं यंत्र झाडू-फरशीच्या किती महिन्यांत फिटतं, हा हिशेब लोक करतातच. दुसरा एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यासाठीची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं भरली, पुरुषांची ८८. यंत्रानं आमच्या घरी यातली पंचवीस मिनिटं वाचवली असतील. त्याच्या आधी खुर्च्या वर, वायरी गोळा, पायपुसणी बाहेर, सूप कोठीवर, आणि नंतर डबा रिकामा, जाळी झटक, ब्रशचे केस काप. मावशी महिन्याभरानं मोकळेपणानं बोलायला लागल्या तेव्हा म्हणाल्या, "काकू, आधी मी घर झाडायचे, आता ह्येलाच झाडावं लागूलालंय."

एक अडचण सांगायची राहिली. आमच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात काळ्या कडप्प्याची पट्टी आहे. यंत्र तिच्यापाशी यायचं, थांबायचं, मागं सरकायचं. स्वयंपाकघरात पाऊलच टाकायचं नाही. आईला वाटलं त्याला कुणी सोवळंओवळं सांगितलंय. कारण असं: जिन्यावरून पडू नये म्हणून यंत्राच्या पोटाखाली तीनचार अदृश्य दिवे असतात. फरशीवरून उजेड परतला तर जमीन आहे, नाही परतला तर खड्डा. काळा दगड उजेड पिऊन टाकतो. काहीच परतत नाही, म्हणजे यंत्राच्या लेखी आमच्या दारात आड खणलेला होता. भावानं फोनवर उपाय सुचवला: पोटाखालच्या दिव्यांवर कागद चिकटव. मी नको म्हटलं, कारण मग खऱ्या पायऱ्यांवरूनही ते खुशाल जाईल, आणि आमच्या ओसरीला चार पायऱ्या आहेत.

दिव्यांऐवजी कडप्प्यावरच पांढरी चिकटपट्टी लावली. यंत्र आलं, क्षणभर थांबलं, आणि ओलांडून गेलं. फरशी पुसताना पट्टी दर आठ-दहा दिवसांनी सुटते. मग यंत्र पुन्हा दारात अडतं आणि आई हॉलमधून हाक मारते, "अरे, पट्टी निघाली बघ."